शर्यतीचा फोन

कोडोली, ता. पन्हाळा
९ डिसेंबर २००४

चि. प्रसेनजीत यास ताईचा सप्रेम जयभीम.

तुझी तब्येत ठीक असेल आणि दोन वेळचं जेवण वेळेवर होत असेल, असं मी धरून चालते. विचारलं की तू ‘हो’च म्हणतोस, त्यामुळे विचारण्यात अर्थ नाही. आमच्याकडं म्हणायला सगळं ठीक आहे. माझी कंबर बसताना दुखते आणि उठताना जास्त दुखते, म्हणून मी बहुतेक वेळ उभीच असते. (नर्सच्या नोकरीत तशीही बसायची सोय नसते.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं असं तुला वाटेल, तर नसतं आलं. फोन तुझ्या दाजींच्या हातात आहे आणि या घडीला ते कुठल्याशा समुद्रकाठच्या रस्त्यावर तिसऱ्या वळणाला आहेत. म्हणून फुलस्केप कागद घेऊन बसले आहे.

मे महिन्यात तू आलास तेव्हा ओट्यावर चहा पीत काय म्हणालास, ते तुला आठवत नसेल. मला रोज आठवतं. म्हणालास, ताई, खेळायचं यंत्र वेगळं आणि फोन वेगळा हे दिवस आता संपले, पुढं सगळं एकाच डब्यात येणार, माणसाला खिसे किती असतात? (दाजींच्या बंडीला तीन आहेत, आणि तिन्हींत तंबाखू असते. पण ते असो.) आणि मग पिशवीतून तो काळा डबा काढून माझ्या हातात ठेवलास. मला वाटलं, भावानं बहिणीला मोबाईल आणला. उपकेंद्रातल्या चार नर्सांत एकीकडंच मोबाईल, म्हणून दोन दिवस मी जरा ताठ चालत होते, हे कबूल करते.

पण बाळा, तो फोन कानाला लावायचा कसा, हे ज्यानं ठरवलं त्याला कान होते का? सपाट बाजू गालाला टेकवायची नाही, कड टेकवायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईनं कानात करंजी खोचली आहे. जूनमध्ये कोल्हापूरहून येताना एसटीत तुझा फोन आला. मी करंजी कानाला लावून ‘हो, हो, पोचलं, पोचलं’ करत होते. शेजारी बसलेल्या पटकेवाल्या म्हाताऱ्यानं दोन थांबे जाऊ दिले आणि मग अगदी कळवळून म्हणाला, “बाई, कान लई ठणकतोय व्हय? लसणाचं त्याल कडवून दोन थेंब सोडा की.” बावीस वर्षं मी लोकांच्या कानांना काय सोडू नये ते सांगते आहे. मी म्हटलं, सोडते. समजावून सांगण्यापेक्षा कान दुखतो म्हणणं सोपं होतं.

आता मुख्य माणसाकडं येते. तुझ्या दाजींनी एकोणतीस वर्षं दूध संघाचा टँकर चालवला आणि एकदाही कुठं ठोकला नाही, हे तुला त्यांनी स्वतः पुष्कळदा सांगितलं आहे. मग दोन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्यानं दगा दिला, लायसन गेलं आणि माणूस ओट्यावर येऊन बसला. बोलणं हळूहळू कमी होत गेलं. रस्त्यावरून गाडी गेली की नुसता आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, “गिअर उशिरा टाकला येड्यानं.” दिवसभरात तेवढंच एक वाक्य. कधी दोन, वाहतूक जास्त असली तर. मी ड्यूटीवरून येऊन स्वयंपाक करायची, ते जेवायचे, आणि घरात ताटाचाच काय तो आवाज.

तुझ्या डब्यात मोटारींच्या शर्यतीचा खेळ आहे हे त्यांना कळलं आणि सगळं बदललं. पहिल्या दिवशी मी मागं उभी राहून बघत होते. आठ गाड्या सुटल्या, सात भुर्रकन दिसेनाशा झाल्या, आणि आमची आठवी रस्त्याच्या डाव्या कडेनं, वळणावर वेग कमी करत, तोंडानं हॉर्न देत चाललेली. शेवटी पडदा लाल झाला, कसली तरी इंग्रजी पाटी आली. मी म्हटलं, हरला की हो तुम्ही. तर माझ्याकडं बघून म्हणाले, “हरलो कशापायी? पोचलो न्हवं? एक थेंब सांडला न्हाय.”

खरं सांगू, दोन वर्षांनी त्यांना इतकं लांब वाक्य बोलताना ऐकलं, म्हणून मी काही बोलले नाही. तिथंच माझं चुकलं. गणपतीपर्यंत ते सातवे यायला लागले, घटस्थापनेला सहावे. आणि जसजसा नंबर वर चढला तसतसे माझे फोन खाली पडायला लागले. कारण शर्यत चालू असताना फोन आला की शर्यत थांबते, आणि थांबली की त्यांची वळणावरची लय जाते म्हणे. मग ते फोन उचलायचे आणि म्हणायचे, “गाडी चालवतोय, मागनं करा,” आणि बंद. आमच्या सुपरवायझर मॅडमना हे तीनदा ऐकायला मिळालं. मासिक मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, “ललिताबाई, तुमच्या मालकांना समजावा, गाडी चालवताना मोबाईल घेणं धोक्याचं असतं.” मी मान डोलावली. हा माणूस पाटावर मांडी घालून गाडी चालवतो, हे कुठल्या तोंडानं सांगू?

मी घरी येऊन भांडले. म्हटलं, एक तर फोन ठेवा नाहीतर खेळ. ते शांतपणे म्हणाले, “तुझं बरोबर हाय. टँकरमधी दूध बी आन् पाणी बी भरायचं न्हाय, एवढं कळतंय मला.” आणि पुन्हा खेळायला लागले. तत्त्व मान्य, डबा मात्र हातात.

आता गेल्या महिन्यातलं ऐक. हे वाचताना हसू नकोस. निदान मधला भाग तरी. कोडोलीपासून आत, मळ्यात चनबसाप्पांचं घर आहे. त्यांची नातसून विद्याश्री, पहिलटकरीण. तिचा नवरा शिवशरण गुळाची गाडी घेऊन निपाणीला गेलेला, चनबसाप्पा पाव्हण्यांकडं, घरात ती आणि तिची सासू बसम्मा. बुधवारी सकाळी निरोप आला की कळा सुरू झाल्या. मी पिशवी घेतली, दाजींच्या हातातून फोन घेतला (त्या वेळी ते खेळत नव्हते, डबा उघडून काहीतरी बघत होते, त्यांनी घाईघाईनं झाकण लावून दिला) आणि वाटेत मिळालेल्या बैलगाडीतून गेले. ती गाडी मला बांधावर सोडून पुढं निघून गेली. पोरीच्या पोटावर हात ठेवून चाचपलं. बाळाचं डोकं वर होतं. ही बाळंतीण घरात व्हायची नाही, हिला मोठ्या दवाखान्यातच न्यायला हवी, गाडी हवी आणि आत्ता हवी. मी फोन काढला.

पडद्यावर लिहून आलं, सिम कार्ड घाला.

बाळा, त्या डब्यात खेळाचं कार्ड बदलायचं तर बॅटरी काढावी लागते, आणि बॅटरीखाली सिम असतं. दाजींनी नवी शर्यत घालताना सिमपण बाहेर काढलं होतं आणि परत घालायचं विसरले होते. मी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, आणि शेवटी काय चालू झालं असेल? शर्यत. ढँटढँट संगीत, रंगीत गाड्या, सगळं ठणठणीत. त्या मळ्यात त्या डब्यातला खेळ चालत होता आणि फोन चालत नव्हता. बसम्मा आतून ओरडली, “अगं बाई, माझी सून वरडायलीय आन् तू गाणी लावून बसलीस व्हय?” मी डबा बंद करून पिशवीत टाकला.

गावातल्या फोनपर्यंत अर्धा तास चालायचं, आणि पोरीला सोडून मला हलता येत नव्हतं. बसम्माचे गुडघे गेलेले. तरी ती बांधावर जाऊन हाका मारत राहिली. पण मजूर पलीकडच्या फडात ऊस तोडायला गेलेले, तिकडून कोणी ओ दिली नाही. विद्याश्रीनं माझा हात धरला होता. तिची बांगडी माझ्या मनगटात रुतत होती आणि ती पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, “सिस्टर, गाडी येतीया न्हवं?” मी येतीया म्हणत होते. बावीस वर्षांत मी पेशंटशी इतकं धडधडीत खोटं बोलले नव्हते. पाऊण तास गेला असेल. मनात मी तुझ्या दाजींना काय काय म्हटलं ते कागदावर येण्यासारखं नाही, आणि तुलाही सोडलं नाही.

मग रस्त्याकडून हॉर्न वाजला. एक लांब, दोन आखूड. एकोणतीस वर्षं मी तो हॉर्न ऐकला आहे. डेअरीतल्या बाळासोची दुधाची पिकअप बांधापर्यंत आली आणि त्यातून तुझे दाजी उतरले. पायात चप्पल नाही, मूठ घट्ट आवळलेली. मूठ उघडून म्हणाले, “ललिता, हे ऱ्हायलं.” रुमालात गुंडाळलेलं सिम कार्ड. चहाच्या बशीखाली सापडलं म्हणे, आणि सापडल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं की बायको बाळंतपणाला गेली आहे आणि तिच्याजवळ फोन नाही, नुसती शर्यत आहे. तसेच डेअरीवर पळत गेले आणि जुन्या ओळखीवर बाळासोला अर्धे कॅन उतरवायला लावले. गाडी पाठवा असा फोन मी कुणाला केलाच नाही, प्रसेनजीत. गाडी तशीच आली.

पोरीला वाकळेवर निजवलं, एका बाजूला मी, एका बाजूला बसम्मा, पायाशी दुधाचे कॅन. गळीत हंगाम चालू आहे, त्यामुळे रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या. आणि पुढच्या सीटवरून मला दाजींचा आवाज येत होता. जन्मात कुणाला ओव्हरटेक न केलेला माणूस बाळासोला सांगत होता, “दाब की! घाल बाहीर! मोकळं हाय फुडं!” आणि दुसऱ्या क्षणाला, “आता सावकाश. चिंचंफुडं खड्डा हाय. सावकाश रं, पोर हाय मागं.” बाळासो नंतर मला म्हणाला, “वैनी, एका डोळ्याला दिसत न्हाय आसं कोण म्हणतंय? त्यांस्नी रस्ता पाठ हाय की.” एकाही खड्ड्यात गाडी आदळली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी ताबडतोब ऑपरेशन केलं. मुलगी झाली, अडीच किलो, आवाज बसम्मावर गेलेला. विद्याश्री चांगली आहे. बसम्मानं दाजींच्या हातावर साखर ठेवली आणि त्यांनी ती व्हरांड्यात उभ्याउभ्या खाल्ली. मग मी बघितलं, माणूस भिंतीकडं तोंड करून रडत होता.

त्या संध्याकाळी त्यांनी डबा माझ्यासमोर ठेवला. “पुन्यांदा हात लावणार न्हाय.” मी म्हटलं, बरं झालं. आणि खरंच आठ दिवस त्यांनी हात लावला नाही. ओट्यावर बसायचे. गाडी गेली तरी काही म्हणायचे नाहीत, गिअरचंसुद्धा नाही. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. नवव्या दिवशी ड्यूटीवर निघताना, पुन्हा हरवायला नको म्हणून, मीच सिम काढून घेतलं आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, रस्ता मोकळा पडलाय, कोणीतरी चालवा.

तेव्हा तुझ्या ‘सगळं एकाच डब्यात’वर माझं मत असं आहे. तू एकटा राहतोस, तुझं चालेल. आमच्याकडं डबा एक आणि माणसं दोन, आणि दोघांनाही तो एकाच वेळी लागतो. जोडणाऱ्यांनी खुशाल जोडावं, आमचं वेगळं करून द्यावं. फार थकले आहे, आता थांबते. थंडी असेल तिकडं तर स्वेटर घाल. (तिकडं थंडी नसते हे तू सांगितलं आहेस, तरी घाल.)

तुझी ताई,
ललिता

ता. क. माझ्यासाठी साधा फोन पाठव. बटणं मोठी हवीत, कानाला सरळ लागायला हवा, आणि त्यात खेळ एकही नको. सापाचासुद्धा नको.

ता. क. २. आता ज्यासाठी चार पानं लिहिली ते लिहिते. तू तिकडं मोटार शिकतो आहेस असं तुझ्या मागच्या पत्रात होतं. एकदा फोन करून दाजींना विचार, चढावर थांबलेली गाडी मागं न घसरता कशी उचलायची. तुला येत असलं तरी विचार. दोन वर्षांत त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. मी सांगितलं म्हणून मात्र सांगू नकोस.

ता. क. ३. प्रसेनजीत पावणं, जयभीम. पत्र टाकायला मलाच दिल्यालं, ते वाचलं. हिनं सहावा लिवलंय ते चुकीचं हाय, मी परवापासनं चौथा हाय. चढावरचं इचारायचं आसंल तर सकाळी आठच्या आत फोन कर, मागनं ही ड्यूटीवर जाती आन् सिम संगट नेती. तुला येतंय हे मला ठावं हाय. तरी कर.
— धोंडीराम