पातेलं बसमध्ये बसणारच

आरिमा, त्रिनिदाद
मे महिना, उकाडा नेहमीचाच

आदरणीय टँटी अर्मिन हिला धाकट्या बहिणीचा मुलगा इग्नेशियस याचा वाकून नमस्कार.

वि. वि. तुझा गुडघा कसा आहे? ब्रुकलिनमधला बर्फ वितळला असेल अशी आशा करतो. (बर्फ पडतो तो देश माणसांनी राहण्याचा नव्हे, हे मी तुला निरोप देताना विमानतळावर सविस्तर सांगितलं होतं. लोक जमले होते, पण तू मागे वळून पाहिलं नाहीस.) इकडे सगळं क्षेमकुशल. ज्यूली जातीचे आंबे धरलेत, आणि शेजारची मिस फिलोमिना अजून ठणठणीत असून माझ्या खिडकीतून आत बघण्याचं व्रत तिने सोडलेलं नाही.

तर हकिकत अशी. क्वामिनांचा रॉल तुला आठवत असेल. त्याने आता सहलींचा धंदा काढलाय. आरिमाहून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने टोकोच्या दीपस्तंभापर्यंत जायचं आणि संध्याकाळी परत. गार हवेची बस, हातात माइक घेतलेला माहितगार, सगळा थाट. कॉर्पस ख्रिस्तीच्या सुट्टीला आपल्या गल्लीची सहल ठरली. इतक्या वर्षांनी तो किनारा पुन्हा बघायचा म्हणून मीही नाव दिलं आणि गोदी कामगारांच्या मोर्च्यात घालायचो ती टोपी ब्रश मारून ठेवली. परवा चर्चच्या सभागृहात तयारीची बैठक झाली. रॉलने नियम वाचले. पाणी आणा, टोपी आणा, पोहायचे कपडे आणा. इथवर माझी हरकत नव्हती. मग तो म्हणाला, बाहेरचं खाणं आणायचं नाही, प्रत्येकाला डब्यात सँडविच मिळेल.

टँटी, मी उभा राहिलो. (मी उभा राहिलो की पुढे काय होतं हे तुला ठाऊक आहे.) मी म्हणालो, जगातल्या राज्यक्रांत्यांचे इतिहास मी वाचलेत, आणि प्रत्येकीच्या मुळाशी कोणीतरी कोणालातरी चुकीचं जेवण वाढलेलं असतं! टोकोच्या रस्त्यावर थंड सँडविच? ज्या रस्त्यावरून आपण बाकं टाकलेल्या लॉरीतून जायचो, बाटलीवर चमचा वाजवत, घसा बसेपर्यंत गात? मग मी तुझं कोंबडी-भाताचं पातेलं त्या सभागृहात शब्दांनी उभं केलं. मैद्याच्या पोत्याच्या कापडात आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर तुझ्या दोन पायांच्या मध्ये बसलेलं. पेलाव जिने केला तिची सीट पुढची, हा आपला कायदा. दीपस्तंभ दिसेपर्यंत झाकण उघडायचं नाही, हाही कायदा. बलांद्राच्या वळणांवर तू पातेल्याला लेकरासारखी मिठी मारून ओरडायचीस, ‘हळू रे गाढवा, भाताची शितं मोडतील!’ आणि ड्रायव्हर खरंच हळू घ्यायचा. बिशप बसले असते तरी त्याने हळू घेतलं नसतं. माहितगाराची तेव्हा गरजच काय होती? तूच होतीस. या वळणावर कोणाची नवरी गाडीतून उतरून परत गेली, त्या खडकाजवळ बॉयसीची पँट लाटेने कशी नेली, सगळं तू सांगायचीस आणि दर वर्षी थोडं वाढवून सांगायचीस. (बॉयसी शेवटपर्यंत म्हणत राहिला की पँट नव्हती, नुसती टोपी होती. त्याचं कोणी ऐकलं नाही.)

सभागृह दणाणलं. रॉलने हात टेकले आणि म्हणाला, ‘बरं अंकल, आणा पातेलं. पण शिजवणार कोण?’ टाळ्यांच्या आवाजात माणसाला आपण काहीही करू शकतो असं वाटतं. मी म्हणालो, मी!

तेव्हापासून मी साखर जाळतोय. कोंबडी जमते, ओल्या तुरीचे दाणे जमतात, नारळाचं दूध जमतं. पण तेलात साखर काळपट तांबूस होते तो क्षण, ज्याच्या अलीकडे पेलाव फिका आणि पलीकडे कडू, तो मला सापडत नाही. साम्राज्यं केव्हा कोसळतात हे मी सांगू शकतो, साखर केव्हा तयार होते ते नाही. तू तर चुलीकडे पाठ करून कोणाशी तरी भांडत असायचीस आणि भांडणाच्या मध्येच वळून कोंबडी टाकायचीस. मी पाठ करून पाहिली. घरभर धूर झाला. मिस फिलोमिना खिडकीतून म्हणाली, ‘काय रे युनियनवाल्या, साखर परततोयस की ऊस पेटवलायस?’ तिच्या कुत्र्यापुढे पहिला पेलाव ठेवला. त्याने वास घेतला, माझ्याकडे असं पाहिलं की तसं गोदीच्या मालकांनीही वाटाघाटीत कधी पाहिलं नव्हतं, आणि निघून गेला. मी तिला म्हटलं, तुम्हीच सांगा ना युक्ती. म्हणते, ‘अर्मिनचं पातेलं आहे, अर्मिनला विचार.’

म्हणून हे पत्र. तब्येत सांभाळ. गुडघ्याला जायफळाचं तेल चोळत जा.

तुझा आज्ञाधारक (या एका बाबतीत तरी),
इग्नेशियस

ता. क. साखरेचा रंग नक्की कसा हवा ते लगेच कळव. बुडबुडे मोठे की बारीक?

ता. क. २. वर एके ठिकाणी माझ्याकडून थोडा विपर्यास झाला आहे. शिजवणार कोण, असं रॉलने विचारलं तेव्हा मी ‘मी’ म्हणालो नव्हतो. मी म्हणालो होतो, ‘टँटी अर्मिन येतेय!’ खऱ्या टाळ्या पडल्या त्या तेव्हा. बस तिथल्या तिथे भरली. रॉलने माहितगाराला त्या दिवशी सुट्टी दिली आहे आणि मिस फिलोमिना तुझ्या खोलीचे पडदे धुऊन वाळत घालते आहे. साखर मी शिकत होतो ती तू नाही म्हणालीस तर तोंड दाखवायला जागा असावी म्हणून.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालायच्या आधी शेवटचा प्रयत्न केला. साखर जमली. मिस फिलोमिनाने दोनदा वाढून घेतलं. तेव्हा पातेल्यासाठी आता तुझ्यावाचून काही अडलेलं नाही.

तरी ये.