कोरडे करून पाठव

१३ एप्रिल, जळगाव
शेंगा भाजताना आठवलं. वैशाली एम.एस्सी.ला होती. द्रावण निवायला चार तास होते, म्हणून आम्ही दोघी मेहरूण तलावाच्या काठावर शेंगा फोडत बसलो होतो. टरफलं माझ्या पदरात. "मॅडम, तुम्हाला कंटाळा नाही येत वाट बघायचा?" येतो, म्हटलं.
आता ती पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला. धुळ्याला तासिकांवर शिकवते, शनि-रवि प्रयोगशाळेत. मुदत जूनअखेर. काल स्फटिक आले, काळपट लाल, टपोरे. टंगस्टन-ऑक्सिजनचा पिंजरा, त्यातल्या रिकाम्या जागी कोबाल्ट. एकाच पिंजऱ्यात एक बसला, की दोन पिंजऱ्यांच्या मध्ये चार? क्ष-किरणांखाली ठेवल्याशिवाय कळणार नाही, आणि ते यंत्र मुंबईला. प्रबंध त्यावर अडलाय.

१५ एप्रिल
वै.चा फोन, मी दवाखान्यात रांगेत. "मॅडम, स्फटिक त्यांच्या द्रावणातच ठेवून मुंबईला पाठवू ना?" मी म्हटलं, नको, वाटेत सांडेल. कोरडे करून पाठव.
तीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले.

२२ एप्रिल
मुंबईहून फोटो. पुडीत गुलाबी भुकटी. स्फटिकांतलं पाणी उडालं, ते ढासळले. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. मला हे सुचायला हवं होतं. वै. एवढंच म्हणाली, "असू द्या मॅडम, परत करू." तिने बोल लावला असता तर बरं झालं असतं.

५ मे
तिसऱ्यांदा तीच कृती. एकदा सुया, दोनदा नुसता साका. आम्लता थेंबाने इकडेतिकडे झाली की वेगळंच काहीतरी जन्मतं. पहिल्या वेळी काय झालं होतं, वहीतून कळत नाही. प्रयोगशाळेतले शिपाई नाना बीकर धुवायला आले. "हाई बठ्ठी भुकटीच शे मॅडम, फेकी देऊ का?" द्या.
शाळेत सिस्टर म्हणायच्या, चूक कबूल केली की मन हलकं होतं. वै.कडे केली. नाही झालं.

१९ मे
वै.ने मुदतवाढीचा अर्ज दिला. उत्तर नाही. चौथा बीकर खिडकीत. तळाशी काही दिसतंय, की काचेवरचा ओरखडा, माझ्या डोळ्यांना कळत नाही.

३१ मे
आज निवृत्त. नारळ, शाल, भाषणं. कपाटावर चिठ्ठी लावली:
वह्या सगळ्या वैशालीला. पीएच मीटरही तिलाच, तो माझा स्वतःचा आहे. शाल नानांच्या आईला. पुस्तकं धुळ्याच्या कॉलेजला, वैशाली नेईल.
खिडकीतला बीकर कुणी हलवू नये. स्फटिक आलेच तर द्रावणासकट कुपीत घालून, बूच मेणाने बंद करून, तिने स्वतः मुंबईला न्यावेत. मला विचारत बसू नये.