श्वासवर्गात पतीसमोर बसून कडवे म्हणण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
श्वसन-व्यायाम विभाग, सार्वजनिक रुग्णालय,
जुनी इमारत, तळमजला, काचेच्या दाराच्या आत.

अर्जदार : ट्रम्पेटवाल्यांची बायको, व्यवसाय शिवणकाम, राहणार औषधाच्या दुकानावर तिसरा मजला. (सध्या काचेच्या दाराच्या बाहेर.)

विषय : उद्या गुरुवारी होणाऱ्या इनहेलरच्या परीक्षेत अर्जदारास पतीसमोर बसू देणे, कडवे म्हणू देणे, तसेच पतीच्या कार्डावरील 'सहकार्य करत नाहीत' हा शेरा खोडून मिळणे.

संदर्भ : १) पतीस मिळालेली 'वर्गात वाद्यवादन केल्याबाबत' समज.
२) भिंतीवरील 'शांतता राखा' ही पाटी.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते ते येणेप्रमाणे. अर्ज टंकून देणाऱ्या गृहस्थांनी "काकू, 'मी' नका लिहू, 'अर्जदार' लिहा, वजन पडतं" असे सांगितल्यामुळे पुढे जिथे जिथे अर्जदार येईल तिथे तिथे ही बाईच समजावी.

१) अर्जदाराच्या पतींनी (यापुढे 'पती') उभे आयुष्य बँडमध्ये ट्रम्पेट वाजवण्यात घालवले. मिरवणूक असो की दुकानाचे उद्घाटन, सगळ्यात पुढे ढोल, मग पती, आणि पतीच्या पाठीला चिकटून दिव्यांचा जनरेटर. त्याचा सगळा धूर त्यांच्याच मानेवर. शिवाय दोन गाण्यांच्या मधे विडी. त्या विड्यांचा जाब डॉक्टरांनी आत्ता विचारला, अर्जदार तो लग्नापासून विचारत होती. व्हायचे तेच झाले. फुप्फुसांचा जुना आजार पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. ज्यांच्या एका फुंकरीला अख्खी गल्ली खिडकीत यायची, त्यांना बूट घालताना मधेच खुर्चीवर टेकावे लागू लागले.

अर्जदाराचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. गेल्या हिवाळ्यात पती एकदाही खाली उतरले नाहीत. अर्जदार बाजारातून आली की खुर्चीतून पहिला प्रश्न, "काय गं, खाली काय चाललंय?" मग अर्जदार जे दिसले ते सांगायची, आणि कंटाळवाणा दिवस असला तर जे दिसले नाही तेही सांगायची. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचे आणि औषधवाल्याचे भांडण तिने तीन आठवडे चालवले. ते दोघे मुळात एकमेकांशी बोलतही नाहीत.

२) आपल्या विभागाच्या श्वासवर्गाने पतींना जिना परत दिला, हे अर्जदार मोकळ्या मनाने मान्य करते. आधी दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत, मग पहिल्या, आणि एके दिवशी थेट औषधवाल्याच्या दारात. पतींनी त्याला विचारले, "काय, मिटलं का तुमचं न्हाव्याशी?" तो बिचारा बघतच राहिला. त्या दिवशी अर्जदाराला घरी पोचेपर्यंत बोलणी खावी लागली, पण जिन्यात तिच्या खांद्यावर त्यांचा हात होता. म्हणून बोलणी गोड लागली.

आता हा वर्गच हातचा जाण्याची वेळ आली आहे. उद्याच्या परीक्षेत इनहेलर नीट घेता आला नाही, तर नाव कमी होऊन जागा प्रतीक्षेतल्या रुग्णाला जाईल, असे तोंडी कळवण्यात आले. त्या रुग्णाबद्दल अर्जदाराच्या मनात काडीचाही राग नाही. पण पती पुन्हा वर अडकले तर अर्जदाराजवळ आता नवे भांडण शिल्लक नाही.

३) इनहेलरबाबत पतीची अडचण आळसाची नाही, सवयीची आहे, हे कृपया समजून घ्यावे. इनहेलर तोंडाला लावून औषध आत ओढायचे असते. पतींच्या ओठांना मात्र, विडी वगळता, जन्मभर एकच शिकवण. ओठाला काही टेकले की फुंकायचे. पहिल्या दिवशी त्यांनी इनहेलर हलवला, ऐटीत तोंडाला लावला, दाबला, आणि असा फुंकला की औषध समोर उभ्या असलेल्या ताईंच्या (म्हणजे वर्ग घेणाऱ्या आपल्या ताईंच्या) चष्म्यावर बसले. ताई म्हणाल्या, "काका, आत, आत!" पती म्हणाले, "आत? आतून काय वाजणार?"

४) त्यावर ताईंनी इनहेलरला लावायचे लांबट पारदर्शक भांडे दिले, ज्याला स्पेसर म्हणतात. त्यात औषध जरा वेळ थांबते आणि रुग्णाला सावकाश ओढता येते. चांगली वस्तू आहे, तक्रार नाही. फक्त त्या भांड्याला एक शिटी आहे. रुग्णाने घाईने ओढले की ती वाजते, म्हणजे चूक कळते.

साहेब, ज्या माणसाने आवाज निघावा म्हणून आयुष्य वेचले, त्याच्या हातात आपण न वाजवण्याचे वाद्य दिले. वाजले की चूक! पतींनी ते भांडे ट्रम्पेटसारखे दोन बोटे वर ठेवून धरले, एकदा जोरात ओढले, शिटी ऐकली, मान तिरकी केली आणि शेजारच्या निवृत्त पोस्टमनना म्हणाले, "तुमची जरा चढी आहे. तुम्ही माझ्यानंतर घ्या." पुढचे आपल्या कार्यालयात नोंदलेलेच आहे. ओळीतले सहाही रुग्ण पाळीपाळीने ओढू लागले आणि उद्घाटनाला वाजवतात ती धून बऱ्यापैकी निघाली. वाहनतळावरचा रखवालदार फाटक उघडून सलाम ठोकून उभा राहिला. त्याला वाटले, कोणी मोठे आले.

झाला प्रकार बरोबर होता असे अर्जदाराचे म्हणणे नाही. घाईने ओढलेले औषध घशातच राहते, फुप्फुसात पोचत नाही, हे ताईंनी समजावले आहे आणि पतींनी कान धरून ऐकले आहे. तथापि, 'सहकार्य करत नाहीत' हा शेरा अन्यायाचा वाटतो. सहा जणांनी एका धुनीत ओढणे याला दुसरे काही म्हणता येईल, पण सहकार्य नव्हते असे म्हणता येणार नाही.

५) आता मुख्य मुद्दा. औषध ओढल्यावर श्वास दहा आकड्यांपर्यंत आत धरायचा असतो. ताई मोजतात, "एक, दोन, तीन, चार..." आणि इथेच घोडे पेंड खाते. बँडमध्ये मास्तर काठी उचलून 'एक, दोन, तीन, चार' म्हणतो आणि चार संपताच सगळ्यांनी फुंकायचे असते. पतींनी ही आज्ञा कधी मोडली नाही, तापातही नाही. त्यामुळे ताईंनी कितीही गोड आवाजात मोजले तरी चारावर पतींचा श्वास बाहेर. ताई दमतात, पती ओशाळतात. अर्जदार काचेतून बघते आणि दर वेळी तिच्याही छातीतून सुस्कारा निघतो.

६) उपाय शिलाईयंत्रावर सापडला, तो असा. अर्जदाराला काम करताना गुणगुणायची खोड आहे. एका दुपारी ती कुणाच्या तरी परकराची शिलाई मारत गुणगुणत होती आणि पती समोर बसून इनहेलर घेत होते. ती मधेच गाऊ लागली तसे ते जागच्या जागी थबकले. भांडे ओठाला, डोळे अर्जदाराच्या तोंडाकडे, श्वास आत. कडवे संपले, अर्जदाराने मान हलवली, आणि मग त्यांनी सावकाश श्वास सोडला. अर्जदाराचा पाय यंत्रावर तसाच राहिला. तिने विचारले, "अहो, थांबलात कसे?" ते म्हणाले, "अगं, गाणारी गात असताना ट्रम्पेट मधे घुसवतात होय? तुझी मान हलेपर्यंत थांबायचं."

तेव्हा अर्जदाराच्या ध्यानात आले की फुंकण्याआधी यांनाही श्वास घ्यावाच लागत होता, आणि आपली पाळी येईपर्यंत तो धरावाही लागत होता. हे सगळे त्यांना येतच होते. कुणी त्या जागेवरून सुरुवात केली नव्हती, इतकेच.

मग अर्जदाराने मापाचे कडवे बेतले. कपडा बेततात तसेच, दोनदा उसवून. पहिल्या दोन ओळींत औषध सावकाश ओढायचे आणि उरलेल्या चार ओळी श्वास धरायचा :

हळूच ये वाऱ्या, पायरी पायरी,
चप्पल काढून ठेव उंबऱ्याबाहेरी.

आलास तर बैस, नको लगेच उठू,
एवढ्यात कशाला निरोपाला भेटू?
खोल्या माझ्या दोन, फिरून बघ साऱ्या,
मग जा सावकाश, पाहुण्या वाऱ्या.

दोन खोल्या म्हणजे दोन फुप्फुसे, हे साहेबांच्या लक्षात आलेच असेल. पण घरही दोन खोल्यांचेच आहे, तेव्हा पाहुण्याची फसवणूक नाही. पहिल्या ओळीवर शिटी वाजली तर अर्जदार 'पायरी पायरी' पुन्हा म्हणते. औषध तोंडात राहू नये म्हणून शेवटी पती खळखळून चूळ भरतात. तीही सुरात भरतात, त्याला अर्जदाराचा इलाज नाही.

७) हेच वर्गात करावे म्हणून अर्जदार गेल्या सोमवारी आली, तर दारावरच्या मामांनी 'नातेवाईक बाहेर' या नियमावर बोट ठेवले. नियम नियमच, अर्जदार बाहेर थांबली. पण पतींची पाळी आल्यावर तिला राहवले नाही आणि तिने काचेला नाक लावून कडवे म्हटले. काच जाड आहे. आत काही गेले नाही, बाहेर मात्र सगळे पसरले. बाकावर बसलेल्या समस्त मंडळींनी श्वास धरला. त्यात बोटाला पट्टी बांधून घ्यायला आलेले एक गृहस्थही होते. त्यांना धरायचे काही कारण नव्हते. मामांनी स्वतः धरला, आणि 'पाहुण्या वाऱ्या'ला सोडून म्हणाले, "वहिनी, बरं वाटलं हो. पण इथे गायचं नाही." आत पतींना अर्जदाराचे ओठ दिसत होते, पण अर्जदाराच्याच वाफेने काच धुरकटली आणि मान कधी हलली ते त्यांना कळले नाही. चारावर श्वास सुटला.

कडवे मोबाईलमध्ये भरून देण्याचा पर्याय ताईंनी सुचवला. करून पाहिला. पती म्हणतात, "त्याला मान कुठाय?" ताईंनीच म्हणावे अशीही विनंती केली. त्या हसून म्हणाल्या, "काकू, मी गायला लागले तर पेशंट श्वास सोडून पळतील." परवा मात्र त्या पायऱ्यांवर 'चप्पल काढून ठेव' गुणगुणत चालल्या होत्या, हे अर्जदाराने ऐकले आहे. तक्रार म्हणून नव्हे, साक्ष म्हणून सांगते.

८) सबब नम्र विनंती की,

(अ) उद्याच्या परीक्षेत अर्जदारास पतीसमोर, मान दिसेल अशा जागी, स्टूल मिळावे. स्टूल नसल्यास अर्जदार उभी राहील. स्टूल असून उभे राहण्यासही हरकत नाही.

(आ) 'शांतता राखा' ही पाटी कडव्यापुरती गैरलागू समजावी. अर्जदार हलक्या आवाजात म्हणेल. वाटल्यास कडव्याची नोंद रुग्णाचे साहाय्यक साधन म्हणून करावी. चष्मा, काठी आणि कानातले यंत्र आत येऊ देता, त्यांच्या पंगतीत बायकोही बसेल.

(इ) शेरा खोडावा.

(ई) यातले काहीच बसत नसेल, तर वर्गाची रस्त्याकडची खिडकी उद्या उघडी ठेवावी. रस्ता आपल्या विभागाच्या अखत्यारीत येत नाही. तिथे उभे राहून कुणी गायले तर आपल्याला विचारायला कुणी येणार नाही, आणि पतींना वळून बघायला फार लांब जावे लागणार नाही.

साहेब, कडवे अवघे सहा ओळींचे आहे. ते संपल्यावर जो श्वास सुटतो, त्यात पती दर वेळी काहीतरी बोलतात. पूर्वी श्वास पुरत नसल्याने ते तासन्‌तास गप्प असत. आता आधी म्हणतात "वा", मग अर्जदाराच्या चालीतली चूक काढतात. ही चूक अर्जदाराला रोज काढून हवी आहे. आपल्या शिपायाने हा अर्ज आत आणून दिला असेल, तेव्हा उत्तर पोस्टाने पाठवण्याची तसदी घेऊ नये. अर्जदार बाहेरच आहे.

आपली नम्र, आणि परवानगी मिळेपर्यंत मनातल्या मनातच गाणारी,

(सही)
ट्रम्पेटवाल्यांची बायको

दिनांक : बुधवार, परीक्षेचा आदला दिवस.

सोबत :
१) वर्गाचे कार्ड, शेऱ्यासह.
२) कडवे, सुवाच्य अक्षरात. ताईंसाठी एक प्रत जादा.
३) पती, स्वतः. तिन्ही मजले स्वतःच्या पायांनी उतरून आले आहेत आणि आपल्या खिडकीखालच्या बाकावर बसले आहेत. कृपया पाहून घ्यावे.
४) ट्रम्पेट, एक. पतींच्या मांडीवर आहे, कपाटावरून आज तीन वर्षांनी काढला. डॉक्टरांनी एकच सूर आणि तोही हळू, एवढी मुभा दिली आहे. आपला होकार असल्यास खिडकीतून नुसती मान हलवावी. ते तेवढ्याचीच वाट पाहत आहेत.