कोरडी गाठ

४ मार्च, सकाळी
समुद्रावर गळ टाकणाऱ्या माझ्या तमाम बंधूंनो! किती दिवस आपण दुकानाच्या काचेसमोर आशाळभूतासारखे उभे राहणार? चकचकीत पाकीट, पाकिटावर उडी मारणारा मासा, आणि आत साधा नायलॉन! पाण्यात न दिसणाऱ्या फ्लोरोकार्बन दोऱ्याच्या नावाखाली आपल्या गळ्यात काय काय बांधलं जातं, याचा जाब आपण कधी

थांबलो. ही रोजनिशी आहे. समोर कोणी नाही. युनियनच्या गेटसभांत जन्म गेला की माणूस डायरीतही माइक धरतो. पण मुद्दा खरा आहे.

निमित्त सासऱ्यांचं. ओल्या फरशीवरून घसरले होते, त्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं. हाड जुळलंय, हात वापरा, असं डॉक्टर सांगतात. सासऱ्यांचा डॉक्टरवर विश्वास नाही. काल म्हणाले, "जावईबापू, रविवारी धक्क्यावर जाऊ. या हातात काही उरलंय का, ते मासाच सांगेल."

बोटांना बारीक काम अजून जमत नाही. म्हणून दोरा मी निवडायचा, गळाला गाठ मी मारायची. ओढायचं त्यांनी.

संकल्प: बाजारातला सर्वोत्तम दोरा. तडजोड नाही.

५ मार्च
दुकान. दुकानदाराने विचारलं, खडकाळ जागा की वाळू? मी उत्तर दिलं. उत्तर संपेपर्यंत तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. बारीक दोरा माशाला दिसत नाही पण खडकाला घासून तुटतो. जाड दोरा टिकतो पण तारेसारखा ताठ राहतो, आमिष पाण्यात मेल्यासारखं लोंबतं. सुवर्णमध्य काढला पाहिजे. काढता येईना, म्हणून पाचही जाडीची रिळं घेतली.

बायकोला सांगितलं, दोनच घेतली.

६ मार्च
परीक्षण. खरा फ्लोरोकार्बन पाण्यात झटकन बुडतो आणि दिसेनासा होतो. पाच तुकडे बादलीत टाकले. पाचही बुडाले, पाचही दिसेनासे झाले. कुठला कुठला ते आता कळायला मार्ग नाही. एक बायकोच्या ओढणीला अडकलेला सापडला. ती म्हणाली, दोन रिळांचे पाच तुकडे, हे गणित तुमच्या युनियनचं का?

मधल्या जाडीचा निवडला. अंतःप्रेरणा.

७ मार्च
फिशिंग क्लबात व्याख्यान. विषय: 'दोरा: एक चिंतन'. हॉल भरलेला. (चहा होता.) असा बोललो की पंखे थांबले. वीज गेली होती, पण तरीही.

सर्वांत गाजला तो गाठीचा भाग. फ्लोरोकार्बनची गाठ कोरडी आवळली की घर्षणाने तापते, दोरा आतून भाजतो, मोठा मासा आला की गाठ दगा देते. म्हणून आवळण्याआधी गाठ ओली करा. थुंकी लावा, लाज कसली? आणि दोरा तुटलाच तर टोक पाहा. खरबरीत टोक म्हणजे खडकाचा दोष. डुकराच्या शेपटीसारखं कुरळं टोक म्हणजे गाठ मारणाऱ्याचा. "दोरा खोटं बोलत नाही, मित्रहो, खोटं बोलतो तो माणूस!"

टाळ्या. सासरे पहिल्या रांगेत होते. डाव्या हाताने मांडीवर टाळ्या वाजवत होते.

१० मार्च, रविवार
विशेष काही घडलं नाही.

१० मार्च, दुपारी
वर लिहिलं ते तितकंसं अचूक नाही.

मासा लागला. मोठा. रॉड कमानीसारखा वाकला. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाने बडबडू लागले, ये बाबा, ये माझ्या राजा. मनगट थरथरत होतं, पण धरून होतं. त्यांचा चेहरा असा मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. पाणी एकदा रुपेरी उसळलं. मग दोरा सैल.

टोक मी हातात घेतलं. कुरळं. डुकराची शेपटी.

सासरे समुद्राकडे बघत होते. मी नेलकटर काढलं आणि टोक कापलं. मग म्हणालो, "खडक."

ते म्हणाले, "इथे खडक नाही, जावईबापू. मी ओढायची घाई केली. हात गेला."

मी काही बोललो नाही. ज्याला मंडळी 'तोफ' म्हणतात, तो मी.

११ मार्च
शांतपणे विचार केला. गाठ मारताना मी धक्क्यावरच्या दोघा अनोळखी माणसांना दोऱ्याचा इतिहास सांगत होतो. थुंकी लावायला तोंड रिकामं लागतं. वाक्य अर्धं सोडून थुंकणं हा श्रोत्यांचा अपमान झाला असता. आता यात माझा दोष किती? शिवाय माशाचे दात हीही एक शक्यता आहे. शास्त्रीय प्रयोग केल्याशिवाय निष्कर्ष काढणं मला मान्य नाही.

१२ मार्च
शास्त्रीय प्रयोग. बाल्कनीच्या गजाला दोरा बांधून खाली बादली. मगाने पाणी ओतत गेलो. कोरडी गाठ: बादली अर्धी भरायच्या आत खाली. टोक कुरळं. ओली गाठ: बादली काठोकाठ, गाठ जागच्या जागी. पुन्हा कोरडी: पुन्हा खाली. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन बोलून गेल्या.

हवेतली आर्द्रता विचारात घ्यायला हवी.

१३ मार्च
सासऱ्यांनी रॉड पाठवून दिला. सोबत निरोप: जाणकाराच्या हातात राहू दे.

दाराआड उभा केलाय. प्रत्येक वेळी दार लावलं की माझ्या खांद्यावर पडतो.

१४ मार्च
क्लबाच्या अध्यक्षांचा फोन. सासरे सगळ्यांना सांगताहेत म्हणे की जावयाचा दोरा एक नंबर होता, गाठ तर विचारूच नका, म्हातारा हात कमी पडला. माझ्यावर दुसऱ्या व्याख्यानाची जबाबदारी टाकण्यात आली आहे. विषय: 'उतारवयातील मासेमारी: मर्यादा ओळखा'.

नाही म्हणणार होतो. तारीख ठरली.

१५ मार्च
आज सांगून टाकलं.

म्हणजे, गेलो होतो. सुरुवात प्रस्तावनेने केली, कारण एकदम अंगावर फेकण्यासारखी गोष्ट नाही. यश सर्वांचं, तसं अपयशही सर्वांचं, जबाबदारी सामूहिक असते, असं बोलत गेलो. मुद्द्यापाशी पोचलो तोवर सासऱ्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे. माझी चूक वाटून घेताय."

परत आलो. चप्पल बदलली गेली, सासूबाईंची घालून आलो.

१६ मार्च
बायको माहेरी जाऊन आली. म्हणाली, बाबा चहाचा कप डाव्या हाताने धरतात. शर्टाची बटणं आई लावते. हात चालतो, अहो, पण ते चालवतच नाहीत.

मी म्हणालो, वयाचा परिणाम.

तिने बाल्कनीतली चेमटलेली बादली आणून माझ्यासमोर ठेवली. कुरळी टोकं तिच्या कडीलाच लोंबत होती. व्याख्यानाला तीही होती, हे मी विसरलो होतो. मागच्या रांगेत.

"लोका सांगे..." एवढंच म्हणाली. पुढचं म्हणालीच नाही.

मी सांगितलं की उद्या नक्की बोलतो, फक्त मांडणी कशी करावी ते ठरतंय. ती म्हणाली, "तीन शब्द आहेत. गाठ कोरडी होती. मांडणी कसली करताय?"

तिला वक्तृत्वाची जाण नाही. पण जेवताना मला वाढणंही तिला सुचलं नाही.

१७ मार्च, रविवार, सकाळी
रॉड घेऊन निघतोय. भाषण चार पानी आहे. शेवट हेलावून सोडणारा आहे.

१७ मार्च, संध्याकाळी
भाषण खिशातच राहिलं.

सासूबाई कॉफी करत होत्या. बरणीचं झाकण घट्ट बसलेलं. त्यांनी बरणी सासऱ्यांना ओलांडून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, तुम्हीच उघडा, यांच्याने आता काही व्हायचं नाही. रागाने नव्हे. सवयीने. आठवड्यात सवय झाली होती.

मी झाकण पिळलं. हलेना. रुमाल लावून पिळलं. सासरे बरणीकडे बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवरून जरासा उचलला गेला आणि पुन्हा मांडीवर जाऊन बसला.

"गाठ कोरडी होती," मी म्हणालो.

मग मी नेलकटरचंही सांगितलं. आवाज माझा होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत काय, टेबलापर्यंतही जेमतेम पोचला असेल.

वाटलं होतं मिठी मारतील, निदान शिव्या देतील. सासरे म्हणाले, "आठवडाभर मी डाव्या हाताने चहा पितोय. तीन शर्टांवर डाग पडलेत." मग बरणी माझ्या हातातून ओढून घेतली, उजव्या हाताने झाकण पिळलं आणि सासूबाईंपुढे आदळली. "कर कॉफी. जावयाला देऊ नकोस."

दिली नाही.

धक्क्यावर मात्र नेलं. गळ आणि दोरा माझ्या हातात दिला. मी गाठीचे वेढे घातले आणि एवढंच म्हणालो की बाबा, या गाठीचं तत्त्व असं आहे की.

"थुंका," सासरे म्हणाले.

थुंकायला गेलो. तोंडात थेंब नाही. चाळीस वर्षं माइकपुढे न सुकलेलं तोंड, जीभ टाळूला चिकटलेली. सासऱ्यांनी वाट पाहिली. मग दोरा माझ्या हातातून घेतला, स्वतः त्या गाठीवर थुंकले, आणि उजव्या हाताने सावकाश, पूर्ण आवळली. ओढून पाहिली. बसली.

संध्याकाळपर्यंत एकही मासा नाही. रॉड त्यांनी क्षणभरही माझ्याकडे दिला नाही.

दुसरं व्याख्यान आता सासरे देणार आहेत, अध्यक्षांना धक्क्यावरूनच फोन केला. विषय मला सांगितलेला नाही. मी पहिल्या रांगेत बसायचं आहे.

तेव्हा माझ्या तमाम बंधूंनो, म्हणजे समोर कोणी नाही, म्हणजे माझं मलाच: कुठल्याही जाडीचा दोरा घे, कुठल्याही दुकानातून घे. गाठ आवळण्याआधी तोंड बंद कर, आणि थुंक.