चिकटलेली पानं

९ मार्च

प्रिय राणी,

खूप खूप आशीर्वाद. रात्रपाळी अजून चालूच आहे का गं? वॉर्डात बसल्या बसल्या बिस्किटांवर भागवत जाऊ नकोस.

इकडे सगळं ठीक आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण ती कुरकुर आता घरातल्या माणसासारखी झाली आहे. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी नवे पडदे शिवून दिले. रंग तुझ्या लेकीने निवडला, भडक पिवळा. दुपारी खोलीत बसलं की सरबताच्या पेल्यात बसल्यासारखं वाटतं. भिंगरी नीट जेवते. उंच झाली, सगळे फ्रॉक आखूड झाले. मला चिडवते, "मावशीआजी, चष्मा डोक्यावर ठेवून तू चष्माच शोधतेस!"

शाळेतून निवृत्त झाल्यापासून वाचता न येणारी मुलं दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसतात, हे तुला माहीतच आहे. मी ओळ वाचते, ती माझ्यामागून म्हणतात. मग एकेकट्याने. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हांला असंच शिकवायच्या. त्या लांबलचक खोलीत, पॉलिशचा वास येणाऱ्या बाकांवर बसून आम्ही सगळ्या मुली एका सुरात वाचायचो. शिकणं म्हणजे तो आवाज, असं मला तेव्हापासून वाटत आलं.

बघ, मी मुद्द्यावर यायचं टाळते आहे. महिनाभर टाळते आहे. तू फोनवर तिच्या वाचनाबद्दल विचारलंस की मी पडद्यांबद्दल बोलते.

त्या रविवारी भिंगरीने तुला फोनवर अस्वलाच्या छत्रीची गोष्ट वाचून दाखवली. आवाजात काय चढउतार, पान उलटल्याचा आवाजसुद्धा! तू रडलीस. मीही मागून ओरडले, "ऐकलंस ना?" आणि तू म्हणालीस, "मावशी, आता वाचते ना ती, मग हॉस्टेलच्या शाळेचं नक्की करून टाकते."

राणी, ती वाचत नव्हती.

दोन दिवसांनी मी भांडी विसळत होते आणि ती टेबलाशी तीच गोष्ट वाचत होती. हात पुसत मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. कोणाकडून तरी गोंद सांडला होता आणि पुस्तकाची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. तिने ती एकच पान समजून उलटली, आणि आत बंद झालेली गोष्ट वाचत राहिली. अस्वलाची छत्री उडाली, झाडात अडकली, अस्वल झाडावर चढलं, सगळं. बोट मात्र होतं त्या चित्रावर, ज्यात अस्वल केव्हाच घरी पोचून पांघरुणात शिरलं होतं. एक शब्द चुकला नाही. मी जिथे श्वास घेते तिथेच ती श्वास घेत होती.

मी नवं पुस्तक पुढे ठेवलं. 'मगर' या शब्दाकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग माझ्या तोंडाकडे.

"तू आधी म्हण ना."

"नाही. आज तू म्हण."

"गरम." माझा चेहरा बघून, "गाजर?" आणि मग अगदी समजूतदारपणे, "मावशीआजी, तुला काय हवंय ते सांग, मी ते म्हणते."

मग ती टेबलाखाली जाऊन बसली. तिथूनच म्हणाली, "आईला सांगू नकोस. ती किती खूश आहे." मी शब्द दिला.

तेव्हापासून आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली आहे. एक अक्षर, एक आवाज. वाळूत बोटाने, मातीचे आकार करून. काल आलेलं आज पुसलेलं. अशा मुलांना शिकवण्यात जन्म गेलेल्या एका बाईंकडे तिला नेलं. त्या म्हणाल्या, "मुलगी फार हुशार आहे, म्हणूनच इतके दिवस कोणाला पत्ता लागला नाही. वर्षं लागतील. वाचेल, पण सहज वाचेल का, ते नाही सांगता येत."

तू म्हणशील, लक्ष देत नाही, हॉस्टेलात शिस्त लागली की येईल. नाही येणार. मी हे आधी पाहिलं आहे. तुझ्या आईत.

ताईला वाचता येत नव्हतं, राणी. नापास होऊन ती माझ्या वर्गात आली, माझ्या बाकावर. एका सुरात वाचताना तिचा आवाज सगळ्यांत गोड. एकटीला उभं केलं की तिला खोकला यायचा. तुझी नर्सिंगच्या हॉस्टेलातून आलेली पत्रं मी तिला वाचून दाखवायची. उत्तरं ती सांगायची, मी लिहायची. एकदा सुट्टीत तू चिडून म्हणालीस, "आईला माझ्यासाठी चार ओळी लिहायला होत नाहीत." ती ओट्याशी उभी होती. हसली. तू तिला आळशी समजलेलं तिला चाललं. हे कळलेलं चाललं नसतं. शेवटच्या आजारातही मला बजावलं होतं, पोरीला सांगू नकोस.

हॉस्टेलात भिंगरीलाही खोकला येईल. ओळ आधी म्हणून दाखवायला तिथे कोणी नसेल. तो प्रवेश रद्द कर, हात जोडते. मी तिला शिकवीन असं मात्र म्हणत नाही. माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही. दुपारची मुलं माझ्यामागून म्हणायची तेव्हा वाटायचं, यांतलं खरंच कोण वाचतंय? आता त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं आहे. टेबल रिकामं असतं.

भिंगरी आत्ताच येऊन मला खेटून बसली. "आईला लिहितेस? काय लिहिलंस, वाच ना." मी हाच कागद समोर धरून वाचलं, "भिंगरी मजेत आहे, उंच झाली आहे, तुझी फार आठवण काढते." माझ्या आवाजाबरोबर ती ओळींखालून बोट फिरवत होती. बोट नेमकं 'ताईला' या शब्दावर आलं, पुढे गेलं. "छान लिहिलंस," म्हणाली. मग पेन मागून घेतलं.

तिला स्वतःचं तेवढं एक नाव लिहिता येतं. ते तिने खाली घातलं आहे, जीभ दातांत धरून, फार मन लावून. कशाखाली घातलं, ते तिला ठाऊक नाही. त्याच्या शेजारी माझं नाव लिहायला हात होत नाही, म्हणून नुसतंच,

तुझी मावशी