बदामाच्या दारूचा फेस

बालाघाट, रविवार, १९७१

दिनूदादा जहाजावर कारकून नाही, तिथल्या बारमध्ये दारूची पेयं बनवतो, हे काल बाबांना कळलं. तेव्हापासून दोघांत अबोला. उद्या तो परत जाणार. असाच जाऊ देऊ? नाही.

त्याने आणलेली बदामाची गोड दारू, लिंबाचा रस, साखर, अंड्यातलं पांढरं. सगळं डब्यात घालून हलवलं. फेस येईना. दादा म्हणाला, "हात दुखेपर्यंत हलव." शेवटी आला, दाट, पांढरा.

पेला बाबांपुढे ठेवला. "दादा हेच काम करते, बाबा. चाखून तर पाहा." मी हटले नाही.

त्यांनी फेसाला बोट लावून चाटलं. "अंडं हाय काय?"

"हौ."

मग एक घोट घेतला. आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "दिनू, समुद्रावर लय थंडी राह्यते काय रे?"