देवळीचं लेबल

बाबा, तुम्ही लिहिलेलं एक लेबल खोटं आहे आणि ते दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं आहे. लेबल अंगठ्याच्या नखाएवढं. जाड कागद, टाक, ड्रॉइंगची काळी शाई. बावीस वर्षं स्पिरिटमध्ये बुडालेलं असूनही एक अक्षर फुटलेलं नाही. देवळीच्या पुढे, नाल्याकाठी, दगडाखाली. मग तारीख. मग मादीची खूण. तारीख बरोबर आहे. मादीही बरोबर आहे. जागा तेवढी खोटी आहे, आणि हे जिवंत माणसांपैकी आई आणि मी अशा दोघींनाच माहीत होतं. आई आता या विषयावर बोलत नाही.

वर्ध्याच्या कॉलेजात तुम्ही प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतात. ट्रे धुणं, बेडूक आणणं, भिंगं पुसणं ही तुमची नोकरी. कोळी गोळा करणं तिच्यात बसत नव्हतं. पण तिथे शिकवणाऱ्या सरांना कोळ्यांचा नाद होता आणि त्यांचे गुडघे धड नव्हते, म्हणून पावसाळ्यातले रविवार तुमचे, देवळी गावाच्या वाटेवर. सायकलला पिशवी, पिशवीत इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, अर्ध्या स्पिरिटने भरलेल्या. लेबलं तुम्ही घरी येऊन लिहायचात, नालवाडीच्या त्या दोन खोल्यांपैकी स्वयंपाकाच्या खोलीत, कारण मोठा दिवा तिथे होता. आई भाकरी थापायची आणि तिच्या पाठीशी तुम्ही पाटावर कागद ठेवून बसायचात. एकदा तुम्ही हात धुवायला उठलात तेव्हा मी तीन लेबलं बॉलपेनने लिहून ठेवली. तुम्ही ती वाचलीत, अक्षर चांगलं आहे म्हणालात आणि तिन्ही फाडलीत. "बॉलपेनची शाई स्पिरिटात उतरते. उद्या कोरा कागद राह्यते बाटलीत. अन् लेबल नाई, तं तो कोळी नाई. मेलेला किडा हाय फकस्त." मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत, टाक कसा धरायचा ते दाखवलंत. मी आज ज्या कामाचा पगार घेते त्याची सुरुवात तिथे आहे. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी सर तुम्हाला मुलांसमोर बोलले होते. "दोन रविवार झाले, रिकाम्या बाटल्या आणतोस. जातोस तरी का, की गावभर सायकल फिरवून येतोस?" हे मला पुष्कळ नंतर आईने सांगितलं. रविवारी तुम्ही पिशवी बांधलीत, चाकात हवा भरलीत आणि उंबऱ्यावर बसलात. आई म्हणाली, "काऊन, जात नाई का आज?" तुम्ही म्हणालात, "जातो नं." अकरा वाजले, बारा वाजले. तुम्ही उठला नाहीत. तुम्हाला ताप नव्हता, पाऊसही नव्हता. मी आठ वर्षांची आहे आणि घरामागच्या सामायिक विहिरीच्या काठावर पोटावर पडून आत बघते आहे. दगडी बांधकाम, चुना झडलेला, दगडांमध्ये बोटभर फटी. हात पोचेल अशा एका फटीच्या तोंडाशी नरसाळ्यासारखं जाळं आहे. बाहेर पसरट चादर, आणि ती अरुंद होत होत आत अंधारात गेलेली नळी. मी गवताची काडी चादरीवर हलवते. काळपट कोळी नळीतून एकदम बाहेर येतो. मी बाटली पालथी घालते, बूच लावायची घाई करते, आणि डावीकडचा तिसरा पाय बुचाखाली तुटतो.

"बाबा, मकडी!" तुम्ही आलात. बाटली उन्हात धरून पाहिलीत आणि दिवसभरात पहिल्यांदा तुमचा चेहरा सुटला. "हे वेगळीच हाय वं. हे पाह्य, दात कसे खाली, कुदयीसारखे." संध्याकाळी तुम्ही लेबल लिहिलंत. मला नुकतं भराभर वाचता येऊ लागलं होतं, मी ते मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, "पण बाबा, आपण तं देवळीले गेलोच नाई." आईचा हात परातीत थांबला. तुम्ही शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिलात. "सरांले देवळीची पाह्यजे. घरची मकडी कोणाले पाह्यजे?" आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "कोणाले सांगजो नोको."

ती जात नवी निघाली. बहुतेक कोळ्यांचे विषदंत चिमट्यासारखे आडवे मिटतात, हिचे कुदळीसारखे वरून खाली येतात. पोटाखाली फुप्फुसांच्या दोनऐवजी चार फिकट चकत्या. मागच्या बाजूला सूत काढणारे अवयव लांब, बोटांसारखे. एवढ्यावरून गट कळतो, जात कळत नाही. जात कळायला मादीचं पोट उघडून शुक्राणू साठवण्याचे कोष पाहावे लागतात. हिला प्रत्येक बाजूला दोन दांड्या आहेत, बाहेरची सरळ, आतली आखूड आणि टोकाशी गाठ असलेली. अशी रचना कोणी नोंदवलेली नव्हती. सरांनी त्या एका मादीवरून जातीचं वर्णन छापलं आणि नाव देवळीवरून दिलं. शेवटी आभारात तुमचं नाव होतं. तुम्ही पेढे आणलेत, आणि छापलेली पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत, माझ्या जन्माच्या दाखल्यावर ठेवलीत. पाहुणे आले की ती बाहेर निघायची. मी प्रत्येक वेळी खोलीत असायचे. तुम्ही माझ्याकडे कधी पाहिलं नाहीत.

मी अकरावीत असताना तुमच्या छातीत पाणी झालं आणि तुम्हाला सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवलं. सिस्टरने रक्त काढून बाटली ट्रेमध्ये ठेवली तेव्हा तुम्ही मला खुणेने बोलावलंत. मला वाटलं काहीतरी सांगणार. "पाह्य बरं, माह्यंच नाव हाय नं तिच्यावर." होतं. मी तसं सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात आणि आई मला घेऊन नागपूरला मामाकडे आली.

दोन वर्षांपूर्वी मी काम करते त्या संस्थेने जुन्या संग्रहांतले मूळ नमुने पुन्हा तपासायचं ठरवलं. मूळ नमुना म्हणजे ज्या एका प्राण्यावरून जातीला नाव मिळतं तो. माझ्या वाट्याला कोळी आले. नमुना पुन्हा मोजायचा, चित्रं काढायची, आणि लेबलवरच्या जागी जाऊन ती जात अजून आहे का ते पाहायचं, असं काम. बाटली समोर आली. डावीकडचा तिसरा पाय नाही. मी पाय मोजले, मग लेबल वाचलं, मग उठून हात धुतले. त्याच दिवशी मला माहीत होतं.

मी सरांकडे गेले. ते आता बिछान्याला खिळून आहेत, पण डोकं साफ आहे. मी म्हटलं, सर, त्या लेबलच्या जागेबद्दल मला थोडी शंका आहे. ते हसले. "शंका? बेटा, माझ्या हातच्या लेबलात चूक सापडेल तुला. तुझ्या वडिलांच्या नाही सापडणार. मी त्यांना एकदा वाटेल तसं बोललो होतो, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी हा कोळी आणून दिला. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं." मी चहा संपवला आणि निघाले. स्वतःला सांगितलं की आठ वर्षांच्या मुलीची आठवण हा पुरावा नव्हे. वाक्य बिनचूक आहे. त्याच्या आड मला दोन पावसाळे काढता आले.

दोन पावसाळ्यांत देवळीच्या पुढे बारा फेऱ्या ठरल्या होत्या. प्रत्येक फेरीला चाळीस दगड उलटायचे, वेळ, तापमान आणि काय सापडलं ते लिहायचं. विंचू सापडले, गोमा सापडल्या, दुसरे कोळी पुष्कळ सापडले. ही जात नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी अहवालात लिहिलं, मूळ ठिकाणी जात आढळली नाही, बहुधा नामशेष. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने वर्ध्याला उतरून नालवाडीला गेले.

शेजारच्या काकूंनी मला दारातच ओळखलं. "काऊन वं बाई, इतक्या वर्सानं आठवण आली? लगन करून राह्यली का?" मी म्हटलं, नाही काकू, विहीर बघायला आले. "विहीर? ते तं बुजवली नं. मागच्या साली, दिवाईच्या आंधी. दोन ट्रक मुरूम टाकला." जिथे विहीर होती तिथे फरशी घातलेली होती आणि तिच्यावर मोटरसायकल उभी होती. मी विचारलं, विहिरीच्या फटींत कोळी असायचे, ते कधी पाहिले होते का. "मकड्या पाह्याले आली तू नागपूरून? माह्या सैपाकघरात चाल, पोतं भरून घेऊन जा." मग हसणं थांबवून म्हणाल्या, "तुहा बाप बी असाच होता. मेल्या भिताडात काय पाहे, देव जाणे."

मागच्या साली, दिवाळीच्या आधी. म्हणजे पहिला पावसाळा संपला तेव्हा. बाटली तोवर वर्षभर माझ्या टेबलावर होती. मी एकदा आले असते तर विहीर उघडी होती. या कोळ्यांच्या माद्या पुष्कळ वर्षं जगतात आणि जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाहीत. त्यांना पळून जायला कुठे नसतं.

विहिरीसारख्याच दगडांनी बांधलेली न्हाणीची मागची भिंत तेवढी शिल्लक होती. काकू म्हणाल्या, तीही पुढच्या महिन्यात पाडणार, "पोराले गाडी ठेवाले जागा पाह्यजे." वाळवी लागली म्हणून तिच्यावर दोनदा औषध मारलं होतं. गुडघ्यांवर बसून मी ती भिंत फट-फट पाहिली. तीन जाळी होती. दोन धुळीने जड होऊन फाटलेली. तिसऱ्याच्या नळीत, आत, काहीतरी होतं. चिमट्याने ओढलं तेव्हा ते हलकं लागलं. कात होती. त्यानंतर मी चार वेळा गेले. जिवंत कोळी दिसला नाही.

या गटातल्या माद्या वयात आल्यावरही कात टाकत राहतात, आणि कातेबरोबर त्या कोषांचं अस्तरही बाहेर येतं. काम फार नाजूक नाही, सावकाश करायचं असतं. कात कोमट पाण्यात साबणाच्या एका थेंबाबरोबर रात्रभर ठेवली. सकाळी पोटाचा चुरगळलेला भाग सुईने उलगडला, चार चकत्यांच्या मधला पट्टा काचेवर पसरला. प्रत्येक बाजूला दोन दांड्या. बाहेरची सरळ, आतली आखूड, टोकाशी गाठ. शेजारी मूळ नमुन्याचं चित्र ठेवलं. मोजमापं घेतली, दोनदा. माझं आतापर्यंतचं सर्वांत निर्विवाद निदान ते आहे, आणि ज्या प्राण्याचं ते निदान आहे तो बहुधा उरलेला नाही.

मी लेख लिहिला. त्यात आहे की मूळ नमुना नालवाडीच्या विहिरीतून लेखिकेने स्वतः, बालपणी, पकडला होता आणि लेबलवरची जागा चुकीची आहे. लेबल कोणी लिहिलं ते त्या वाक्यात नाही, पण सरांच्या लेखात संग्राहक म्हणून तुमचे आभार आहेत, तेव्हा वाचणाऱ्याला कळेल. जातीचं नाव बदलणार नाही. आमच्या नियमांत जागा चुकली म्हणून नाव रद्द होत नाही. देवळीचं नाव तिला कायम राहील. सरांना मी लेख वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "मी त्याला नेमकं काय बोललो होतो, तुला माहीत आहे का?" मी म्हटलं, नाही.

लेख तपासणाऱ्या अनोळखी माणसाने एकच प्रश्न विचारला आहे, आणि तो योग्य आहे. ही जात दोन्ही ठिकाणी नसेल कशावरून? देवळीला पुरेसा शोध झाला का? उत्तर तयार आहे: दोन पावसाळे, बारा फेऱ्या, प्रत्येकी चाळीस दगड, आढळ शून्य. सोबत बारा तक्ते जोडायचे आहेत.

बाबा, त्यांतल्या शेवटच्या चार फेऱ्या मी केलेल्या नाहीत. तिथे काही नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी नागपुरात खोलीवर बसून ते तक्ते भरले. तापमान मोबाइलवर पाहून लिहिलं. शाई उतरू नये अशाच पेनने लिहिलं आहे.